म्हातारपणाची तयारी: गोळ्या-पावडरी नंतर, आधी खुर्चीतून उठून दाखवा

म्हातारपण लांबवायचं कसं हे मोबाईलवर शोधायला गेलं की दहा मिनिटांत गोळ्या, पावडरी, बर्फाच्या पाण्यातल्या आंघोळी आणि शंभरी पार केलेल्या कुणाचं तरी सिक्रेट असं सगळं समोर येऊन पडतं. ते सध्या बाजूला ठेवा. पंच्याहत्तरीनंतर बहुतेक घरांत जे खरंच अडतं ते फार साधं असतं. कमोडवरून हात न टेकता उठता येत नाही, कठडा नसलेला जिना दिसला की पोटात गोळा येतो, समोरचा काय बोलला ते दोनदा विचारावं लागतं आणि मग माणूस विचारणंच सोडून देतो. एकदा पडून खुबा मोडला की त्याआधीचं आणि त्यानंतरचं आयुष्य वेगळं होतं. म्हणून हा लेख जास्त वर्षं जगण्याबद्दल कमी आणि शेवटच्या वर्षांत स्वतःचं स्वतः करता येण्याबद्दल जास्त आहे. योगायोगाने दोन्हीसाठी करायच्या गोष्टी जवळजवळ त्याच आहेत.

"आमच्याकडे सगळे नव्वदीपर्यंत जातात" असं म्हणून निवांत बसणारे आणि "आमच्यात कुणी साठीच्या पुढे गेलंच नाही" म्हणून हात टेकणारे, दोघांसाठी एक गोष्ट. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० दरम्यान जन्मलेल्या जुळ्यांच्या २८७२ जोड्यांचा अभ्यास १९९६ साली आला, त्यात आयुष्य किती लांब होतं यातल्या फरकाचा साधारण चौथा हिस्सा अनुवंशिकतेचा निघाला. नेमका आकडा किती यावर शास्त्रज्ञांची भांडणं अजून चालू आहेत, पण सगळं रक्तातच लिहिलेलं असतं असं कुणीच म्हणत नाही. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ बाळांवर तर आजही लक्ष ठेवलं जातंय, त्यातल्या ९५४ जणांची वय ३८ असताना तपासणी केली तेव्हा शरीराचं वय कुणाचं २८ निघालं तर कुणाचं ६१. जन्मसाल एकच! म्हणजे फरक पडायला साठीची वाट बघावी लागत नाही, तो चाळिशीच्या आतच पडलेला असतो.

चला, कामाला लागू.

पहिली पायरी: आधी मोजून घ्या

ब्लड टेस्टचं पॅकेज नंतर. आधी घरातल्या घरात मोबाईलच्या स्टॉपवॉचवर होणाऱ्या तीन टेस्ट करा. तोल जात असेल तर शेजारी कुणाला तरी उभं करा, एकट्याने करू नका.

एक, खुर्ची. साधारण ४३ सेंमी म्हणजे १७ इंच उंचीची, हात नसलेली, पाठीमागे भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या म्हणजे ती सरकणार नाही. मधोमध बसा, पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले, दोन्ही हात छातीवर एकमेकांवर आडवे आणि तळवे विरुद्ध खांद्यांवर. स्टॉपवॉच सुरू करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. अर्धवट उठलेलं धरायचं नाही, पण ३० सेकंद संपताना अर्ध्याच्या वर उठलेले असाल तर ते एक धरायचं. हात टेकवावेच लागले तर स्कोअर शून्य, इथे दयामाया नाही. वय ६० ते ६४ मध्ये पुरुषांचा १४ पेक्षा आणि बायकांचा १२ पेक्षा कमी आला तर तो सरासरीच्या खाली समजतात, ७० ते ७४ मध्ये हेच आकडे १२ आणि १०. पडण्याचा धोका कुणाला जास्त आहे हे ओळखायला फिजिओथेरपिस्ट हीच टेस्ट वापरतात.

दोन, एक पाय. अनवाणी उभे राहा, एक पाय उचलून त्याचा पंजा दुसऱ्या पायाच्या पोटरीमागे ठेवा, हात बाजूला, नजर समोर. १० सेकंद. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १७०२ लोकांवर हे करून बघितलं होतं, २०२२ साली निष्कर्ष आले. ज्यांना १० सेकंद जमलं नाही त्यांच्यात पुढच्या सुमारे सात वर्षांत मृत्यूचा धोका ८४ टक्के जास्त दिसला, वय-वजन-आजार हे सगळं हिशेबात धरूनसुद्धा. आता यावरून एका पायावर उभं राहिलं की आयुष्य वाढतं असा अर्थ काढू नका, तोल हा शरीरात एकंदर काय चाललंय त्याचा आरसा आहे एवढंच.

तीन, चालण्याचा वेग. जमिनीवर ४ मीटरच्या दोन खुणा करा आणि नेहमीच्या चालीने चाला, शर्यत लावल्यासारखं नको. खुणेच्या थोडं आधीपासून चालायला सुरुवात करा म्हणजे वेग आलेला असेल. ४ सेकंद किंवा कमी लागले तर छान, ५ सेकंदांच्या वर जायला लागले तर लक्ष घालायची वेळ आली. वयस्कर लोकांच्या नऊ वेगवेगळ्या अभ्यासांमधल्या ३४ हजारांहून जास्त जणांची माहिती एकत्र करून २०११ साली दाखवलं गेलं की किती वर्षं जगणार याचा अंदाज चालण्याच्या वेगावरून बऱ्यापैकी बांधता येतो.

तिन्ही आकडे तारखेसकट लिहून ठेवा. तीन महिन्यांनी परत.

दुसरी पायरी: ताकद, आणि हीच सगळ्यात मोठी

माझं मत विचाराल तर या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. चालायला जाणारे खूप असतात, ताकदीचा व्यायाम करणारे मोजकेच, आणि वय वाढल्यावर आधी जाते ती ताकद. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू काही टक्क्यांनी कमी होत जातात, साठीनंतर हा वेग वाढतो. याला सार्कोपेनिया म्हणतात, १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग यांनी हे नाव सुचवलं. त्याच्या आधी हे वयाचंच आहे म्हणून सोडून देत होते.

ते सोडून देणं किती चुकीचं होतं हे १९९० मध्ये दिसलं. डॉ. मारिया फियातारोने यांनी आणि त्यांच्या टीमने अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममधल्या दहा जणांना घेतलं, वय ८६ ते ९६, बहुतेकांना कसला ना कसला जुना आजार. या लोकांना हलकंफुलकं हातपाय हलवणं दिलं नाही, पायांसाठी खरंखुरं वजन लावलं आणि आठ आठवडे ट्रेनिंग दिलं. नऊ जणांनी पूर्ण केलं, आणि त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतल्या माणसांची! त्यामुळे "आता या वयात काय" हे वाक्य साठीच्या माणसाने तोंडातून काढूच नये.

उलट्या बाजूचा पुरावा तर अजून भारी आहे. १९६६ साली डॅलसमध्ये वीस वर्षांच्या पाच तरुणांना तीन आठवडे नुसतं अंथरुणावर झोपवून ठेवलं आणि त्यांची दमछाक न होता काम करायची क्षमता मोजली. तीस वर्षांनी तीच पाच माणसं परत शोधून काढून मोजली तर काय निघालं, की तीस वर्षांच्या वयाने जेवढी क्षमता घालवली नव्हती त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपून राहण्याने घालवली होती. आपण ज्याला वय म्हणतो त्यातलं बरंचसं नुसतं बसून राहणं असतं.

तर करायचं काय. जिम असेल तर उत्तम, नसेल तर घरात पाच हालचाली पुरतात आणि त्या आठवड्यातून दोन ते तीन दिवस, मधे एक दिवस सोडून:

- खुर्चीतून उठणं-बसणं. उठताना जोरात, बसताना मनात तीन-चार आकडे मोजत हळू. उठताना जोरात का, तर ताकदीपेक्षाही पटकन जोर लावायची क्षमता आधी जाते आणि ठेचकाळल्यावर तीच वाचवते.
- ओट्याला किंवा कठड्याला हात लावून टाचा उचलणं, वर एक सेकंद थांबून सावकाश खाली. हे सोपं झालं की एका पायावर.
- भिंतीला हात लावून पुशअप. मग ओट्यावर, मग जमलं तर जमिनीवर.
- ओढण्याचा काहीतरी व्यायाम, रबर बँड दाराच्या कडीला अडकवून कोपर मागे खेचायचं. पाठीचा वरचा भाग यानेच टिकतो, नाहीतर माणूस पुढे वाकत जातो.
- दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या किंवा पाण्याच्या बाटल्या घेऊन खोलीतून येरझाऱ्या.

हाताच्या पकडीला लोक किरकोळ समजतात, पण १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांवरच्या अभ्यासात, जो २०१५ मध्ये आला, पकड ५ किलोने कमी असली की मृत्यूचा धोका १६ टक्के जास्त दिसला होता. म्हणून त्या पिशव्या. नुसता स्पंजचा बॉल दाबत बसून मात्र काही होत नाही, पकड हा पूर्ण शरीराच्या ताकदीचा मापदंड आहे.

प्रत्येक हालचाल ८ ते १२ वेळा, असे दोन सेट. आणि आता नीट वाचा, कारण ९० टक्के गडबड इथेच होते: शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात. बारा वेळा करून गप्पा मारता येत असतील तर तो व्यायाम संपला, आता तो अवघड करा. खुर्चीचं उदाहरण घ्या. सुरुवातीला हात टेकून, मग हात न टेकता, मग थोड्या बुटक्या खुर्चीवरून, मग पाठीवर सॅक घालून त्यात पुस्तकं, मग एक पाय थोडा पुढे ठेवून म्हणजे दुसऱ्यावर जास्त भार येईल. एका खुर्चीत सहा महिन्यांचा कोर्स आहे हा. श्वास रोखून धरू नका, उठताना सोडा, बीपी असेल तर हे फारच महत्त्वाचं.

गुडघे दुखतात म्हणून व्यायाम बंद करणारे सगळ्यात जास्त भेटतात. गुडघ्याच्या झिजेवर व्यायाम हाच पहिला उपचार आहे हो, मांडीचा स्नायू दमदार असला की सांध्यावरचा भार कमी होतो. करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीसारखं झालं तर चालू ठेवा, दुखणं दोन दिवस रेंगाळलं किंवा गुडघा सुजला तर पुढच्या वेळी कमी करा. छातीत दुखणं, चक्कर, धाप न थांबणं यातलं काहीही झालं तर तिथेच थांबून डॉक्टर. हृदयविकार, नुकतंच ऑपरेशन किंवा हाडं खूप ठिसूळ झालेली असतील तर सुरुवातच विचारून करा.

तिसरी पायरी: चाला, पण दहा हजारांच्या मागे लागू नका

दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही, तो जपानमध्ये १९६५ च्या सुमारास निघालेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, मानपो-केई म्हणजेच दहा हजार पावलांचं मीटर. मार्केटिंग ते. २०१९ मध्ये सुमारे १६,७०० बायकांवरचा अभ्यास आला, सरासरी वय ७२, त्यात दिवसाला साधारण ४४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये २७०० वाल्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी होतं, आणि सुमारे ७५०० च्या पुढे फायदा वाढायचा थांबला. थोडक्यात, सध्या दोन-अडीच हजार होत असतील तर अजून दीड-दोन हजार वाढवण्यात सगळ्यात जास्त कमाई आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेलं माप आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाचं आहे. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत दम. फोनवर रमतगमत बोलत फिरणं यात धरत नाहीत, माफ करा. वेळच मिळत नाही असं असेल तर दिवसातून तीन-चार वेळा एक-दोन मिनिटं दम लागेल असं काहीतरी करा, दोन मजले झपझप चढा, बस पकडायला भराभर चाला. ब्रिटनमध्ये वेगळा व्यायाम अजिबात न करणाऱ्या २५ हजार लोकांच्या मनगटावर मीटर लावून बघितलं तेव्हा अशा दिवसातल्या तीन छोट्या धावपळींचाही मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी असण्याशी संबंध दिसला. संबंध म्हणजे कारण नव्हे हे खरं, मुळात धडधाकट असलेलेच जिने चढतात असंही असू शकतं, पण जिना चढायला खर्च काहीच नाही.

चौथी पायरी: पडायचं नाही, आणि पडलं तर उठता आलं पाहिजे

जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, त्यात साठीच्या पुढचे सगळ्यात जास्त. व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी होतं हे बऱ्याच ट्रायल एकत्र करून २०१९ मध्ये दाखवलं गेलंय, पण त्यासाठी तोलाचा व्यायाम हवा, नुसतं चालणं पुरत नाही.

रोज दात घासताना एका पायावर, एक हात बेसिनच्या कडेवर. तो जमला की एक बोट. मग बोटही काढा. दुसरा प्रकार, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत एका रेषेत दहा पावलं, भिंतीलगत. ताई ची म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, त्याचा क्लास असेल तर जरूर लावा, पडण्याबाबत त्याचा पुरावा चांगला आहे.

घरात एक चक्कर मारा ती रात्री दोनला बाथरूमला निघालेल्या माणसाच्या नजरेने. कडा वर आलेलं पायपुसणं, वाटेत आडवी चार्जरची वायर, लांबचं लाइटचं बटण, ओली फरशी, मागून मोकळ्या सपाता. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घ्या, भिंतीत पक्का, टॉवेलचा रॉड नव्हे, तो माणसाचं वजन पेलत नाही.

आणि एक गोष्ट जी फारसं कुणी शिकवत नाही: जमिनीवरून उठायचा सराव. पडल्यावर हाड न मोडतासुद्धा तासन्‌तास उठताच न आल्याने हाल होतात. सतरंजीवर झोपा, कुशीवर वळा, हातांवर जोर देऊन कोपरावर या, मग रांगायच्या पोझिशनमध्ये, रांगत खुर्चीपर्यंत जा, दोन्ही हात सीटवर, दणकट असेल तो पाय पुढे जमिनीवर टेकवा आणि जोर देऊन वर, वळून खुर्चीत बसा. आठवड्यातून एकदा, शेजारी कुणीतरी असताना. आईवडिलांना शिकवणार असाल तर आधी स्वतः करून दाखवा.

पाचवी पायरी: ताटात काय

डाएटवर रोज नवीन भांडण असतं, त्यात पडत नाही. भाज्या, फळं, कडधान्यं, न पॉलिश केलेली धान्यं, दाणे-बदाम जास्त, आणि साखर, मीठ, पाकिटबंद पदार्थ कमी, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. साठीनंतर जास्त महत्त्वाचं होतं ते प्रोटीन, आणि नेमकं तेच कमी होतं कारण भूक कमी, दात कमी आणि एकट्यासाठी रांधायचा कंटाळा. पासष्टीनंतर दर किलो वजनाला दिवसाला १ ते १.२ ग्रॅम असं तज्ज्ञ गटांनी सुचवलंय, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरात ९ च्या आसपास. एक दिवस खाल्लेलं सगळं लिहून बेरीज करा, बहुतेकांचा सकाळचा नाश्ता रिकामा निघतो. सगळं रात्रीच्या जेवणात कोंबण्यापेक्षा तीन वेळात वाटून घ्या. किडनीचा आजार असेल तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत, डॉक्टरांना विचारा.

आणि वजन. तरुणपणी वजन कमी झालं की आनंद होतो, पण सत्तरीत प्रयत्न न करता सहा-आठ महिन्यांत तीन-चार किलो उतरले तर तपासणी करून घ्यायची, कपडे सैल झाले म्हणून खूश व्हायचं नाही.

सहावी पायरी: बीपी नीट मोजा

बीपी दुखत नाही, म्हणून राहतं. २०१५ च्या स्प्रिंट नावाच्या ट्रायलमध्ये ९३६१ लोकांपैकी ज्यांचं वरचं बीपी १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न केला त्यांच्यात हृदयविकार-पक्षाघात वगैरे १४० वाल्यांपेक्षा २५ टक्के कमी झाले, पुढे स्मरणशक्तीच्या सौम्य तक्रारीही कमी दिसल्या. पण तुमचं टार्गेट तुमचे डॉक्टर ठरवतील, चक्कर येणाऱ्या पंच्याऐंशीच्या आजीला आणि पंचावन्नच्या माणसाला एकच आकडा लावत नाहीत.

घरी मोजताना अर्धा तास आधी चहा-कॉफी-सिगरेट नाही, लघवीला जाऊन या, पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि एकावर एक नाहीत, कफ उघड्या दंडावर आणि दंड हृदयाच्या उंचीला. बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. त्यानंतर उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी परत मोजा, वरचा आकडा २० किंवा जास्तने उतरला तर ते डॉक्टरांना सांगा, सकाळी पलंगावरून उठताना पडण्यामागे हे असू शकतं. शुगर, कोलेस्टेरॉल, कॅन्सरच्या तपासण्या आणि वयानुसारच्या लशी यांचं वेळापत्रक त्याच भेटीत मागून घ्या.

गोळ्यांची पिशवी पण न्या सगळी, जडीबुटीच्या आणि दुकानातून स्वतः आणलेल्यासुद्धा. पाचपेक्षा जास्त गोळ्या चालू असतील तर वर्षातून एकदा "यातली कुठली बंद करता येईल?" हा प्रश्न विचाराच. स्वतःहून मात्र बंद करू नका.

सातवी पायरी: कान आणि डोळे

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या कमिशनने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली, ती सगळी काढता आली तर सुमारे ४५ टक्के केसेस टळू किंवा लांबू शकतात असा अंदाज. त्यात ऐकू कमी येणं आहे, आणि या यादीत नव्याने आलेल्यांत न सुधारलेली कमी दृष्टी आहे. श्रवणयंत्रांची २०२३ ची ट्रायल, ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, सगळ्यांचा एकत्र विचार केला तर फरक दिसला नाही, पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या गटात तीन वर्षांत बुद्धीची घसरण ४८ टक्के हळू झाली. मी तर म्हणेन मेंदूचं सोडा, घरातल्या गप्पांत भाग घेता यावा म्हणून यंत्र लावा. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजही कानात घुसतो, रोज थोडे तास वाढवत न्यायचं, आणि सेटिंगसाठी परत जायला लाजायचं नाही. ड्रॉवरमध्ये पडलेलं यंत्र कुणाच्याच कामाचं नाही.

आठवी पायरी: झोप

सात ते आठ तास. वय झालं की झोप कमी लागते हा गैरसमज आहे, गरज थोडीच कमी होते पण झोप उथळ आणि तुटक होते. ब्रिटनमधल्या सुमारे आठ हजार लोकांच्या पाठपुराव्यात पन्नाशी, साठी आणि सत्तरीतही सहा तास किंवा कमी झोपत राहिलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका ३० टक्के जास्त दिसला. उठायची वेळ पक्की ठेवा, झोपायची आपोआप जुळते. उठल्यावर लवकर उन्हात. दुपारनंतर कॉफी बंद, कारण पाच-सहा तासांनीही तिच्यातलं अर्धं कॅफिन अंगात असतं. मोठ्याने घोरणं आणि मधेच श्वास अडकणं असेल तर स्लीप ॲप्निया तपासा. झोपेच्या गोळ्या शक्यतो नकोत, वयस्करांमध्ये त्यांनी पडणं वाढतं, आणि ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या झोपेसाठी घेतात त्याही डोकं गुंगवतात. निद्रानाशासाठी वर्तन बदलणारी थेरपी ही पहिली पसंती आहे, गोळी त्यानंतर.

नववी पायरी: माणसं

हे मऊ वाटतं पण आकडे कडक आहेत. १४८ अभ्यास, तीन लाखांवर माणसं, २०१० सालचं विश्लेषण: ज्यांची माणसांशी नाती घट्ट त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्के जास्त. हार्वर्डचा १९३८ पासून चालू असलेला अभ्यास तर प्रसिद्धच आहे, पन्नाशीत नात्यांत समाधानी असलेले ऐंशीत जास्त तब्येतीत निघाले, आणि पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा हे समाधान जास्त नेमकं सांगून गेलं. माझा अनुभव असा की "लोकांमध्ये मिसळा" असं सांगून काही होत नाही. ठरलेला वार आणि ठरलेली वेळ लागते. बुधवारी सहाला अमुक ठिकाणी, न गेलं तर कुणीतरी फोन करून विचारेल असं काहीतरी. गाण्याचा क्लास, वाचनालय, चालायचा ग्रुप, मुलांना शिकवणं. त्यात काहीतरी नवीन आणि थोडं अवघड शिकायचं असेल तर मेंदूचं कामही त्यातच होऊन जातं, वेगळं ब्रेन गेमचं ॲप लागत नाही.

आता जे सोडायचं ते

तंबाखू. ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षांचा पाठपुरावा सांगतो की सिगरेटने सरासरी दहा वर्षं जातात, साठीत सोडली तरी तीन परत मिळतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ. दारूबद्दल, थोडी घेतलेली बरी असते वगैरे आता विसरा, कमी तेवढी बरी.

सप्लिमेंट्स. १९९४ मध्ये फिनलंडमध्ये २९ हजार धूम्रपान करणाऱ्यांवर बीटा कॅरोटीनची (शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व बनतं त्याची) ट्रायल झाली, ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढला. २५ हजारांवर लोकांना वर्षानुवर्षं ड जीवनसत्त्व देऊन बघितलं, फ्रॅक्चर कमी झाले नाहीत. कमतरता रिपोर्टमध्ये आली असेल, ब१२ असो की ड, तर नक्की घ्या, वयस्कर शाकाहारी लोकांनी आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असलेल्यांनी ब१२ तपासूनच घ्यावं. "वय उलटवणारं" म्हणून जे विकतात ते दुकानातच राहू द्या. शंभरीच्या माणसांच्या प्रसिद्ध वस्त्यांच्या कहाण्याही जपूनच ऐका, अशा बऱ्याच ठिकाणी जन्मनोंदीच गडबड असतात हे दाखवणाऱ्या संशोधकाला २०२४ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीशीर बक्षीस, मिळालं.

सुरुवात कुठून

सगळं एकदम करू नका, दहा दिवसांत सुटेल. पहिल्या आठवड्यात फक्त तीन टेस्ट आणि घरातली ती चक्कर. दुसऱ्यापासून सोमवार-गुरुवार पाच हालचाली, एकच सेट, आणि रोज दात घासताना एक पाय. महिन्याने दुसरा सेट आणि चालण्यात दम लागणारी मिनिटं. बीपी-कान-डोळे-गोळ्यांची पिशवी या तपासण्या पहिल्या तीन महिन्यांत उरकून टाका. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० लोकांवर खाणं, व्यायाम, मेंदूचं ट्रेनिंग आणि बीपी-शुगरवर लक्ष असं सगळं एकत्र दोन वर्षं केलं तेव्हा बुद्धीच्या टेस्टमध्ये फरक दिसला होता, म्हणजे शेवटी एकत्रच जायचं आहे, फक्त घाई नको.

मधे आजारपण येणारच. ताप, ऑपरेशन, हॉस्पिटल. तिथे डॉक्टर हो म्हणाले की पहिल्याच दिवसापासून जेवायला तरी पलंगावरून उठून खुर्चीत बसा, बाथरूमपर्यंत चालत जा, नातेवाइकांनीही "पडून राहा, आराम करा" म्हणत सगळं हातात देऊ नये. घरी आल्यावर आधी जेवढं करत होता त्याच्या निम्म्यापासून सुरू करा, आणि खुर्चीची टेस्ट परत घ्या, किती खाली आलो ते कळेल आणि कुठपर्यंत परत यायचंय तेही.